अठ्ठावीस टक्के कुठे गेले?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: कॉलेजात दोन इंच बाय दोन इंचाचा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे. त्याच्या तोंडासमोर पाच सेंटिमीटरवर सिझियम-१३७ ची चकती ठेवून तिने ६६२ केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचे एकक) फोटोपीकची कार्यक्षमता मोजली, म्हणजे किती गॅमा आपली पूर्ण ऊर्जा स्फटिकात टाकून वर्णपटातल्या त्या शिखरात येतात ते. तीच मांडणी जिआंट-४ मध्ये, म्हणजे कण पदार्थातून कसे जातात याचे सिम्युलेशन करणाऱ्या संगणक-प्रणालीत, लिहून दहा लाख गॅमा सोडले. मोजलेला आकडा सिम्युलेशनपेक्षा २८ टक्के कमी भरतो. चकतीचे वय धरून ऱ्हासाची दुरुस्ती केलेली आहे. मार्गदर्शक म्हणतात, ०.७२ चा करेक्शन फॅक्टर लाव आणि पुढे चल. तिला पुढे घरच्या चिरेखाणीतल्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, किरणोत्सर्गिता मोजायची आहे. फॅक्टर लावू का, की आधी फिजिक्स लिस्ट (सिम्युलेशनने भौतिकीची कोणती मॉडेल्स वापरायची त्याची यादी) बदलून बघू?

बाय, फॅक्टर आत्ता लावू नकोस. आणि फिजिक्स लिस्टला तर हातही लावू नकोस.

दुसरे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. सिम्युलेशन जुळले नाही की पोरे पहिला संशय घेतात तो जिआंटच्या भौतिकीवर. स्टँडर्ड काढून लिव्हरमोर घातली, लिव्हरमोर काढून पेनेलोपी घातली, कट (किती लहान पल्ल्यापर्यंतचे दुय्यम कण वेगळे धरायचे ती मर्यादा) ०.७ मिलिमीटरवरून ०.०१ वर आणला, रन दहापट हळू झाला, आठवडा गेला. ६६२ केईव्हीचा गॅमा सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात काय करतो हे कित्येक दशकांपासून नीट मोजलेले आहे. काही गॅमांचा फोटोइलेक्ट्रिक होतो, म्हणजे ते एकदम गिळले जातात; बहुतेकांचा आधी कॉम्प्टन होतो, म्हणजे थोडी ऊर्जा टाकून ते वळतात; एवढाच खेळ. यातली कुठलीही लिस्ट घेतलीस तरी फोटोपीक एखाद-दोन टक्क्यांपलीकडे हलायचा नाही. जिआंट-४ ची पहिली आवृत्ती १९९८ च्या डिसेंबरात आली. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी ते ठोकून ठोकून पाहिले आहे. अठ्ठावीस टक्क्यांचे भोक त्यांच्या नजरेतून सुटले आणि फोंड्यात सापडले, असे होणे नाही. भोक तुझ्या कोडमध्ये असेल, मांडणीत असेल, नाहीतर तुझ्या भागाकारात.

हा आकडेवारीचा योगायोगही नव्हे. पीकमध्ये दहा हजार काउंट्स असतील तर त्यांचे वर्गमूळ शंभर, म्हणजे एक टक्का. अठ्ठावीस टक्के ही ठाम चूक आहे, आणि ठाम चुकीची एक चांगली गोष्ट असते: ती सापडते.

आता फॅक्टर. ०.७२ ने गुणल्यावर सिझियम जुळेल, त्यात शंका नाही. पण तू पुढे काय करणार आहेस? चिऱ्याची भुकटी बरणीत भरून ती डिटेक्टरला चिकटवून ठेवणार, आणि १४६१ केईव्हीवर पोटॅशियम-४० चा पीक मोजणार. ऊर्जा वेगळी, अंतर वेगळे, आकार वेगळा. पाच सेंटिमीटरवरच्या ठिपक्यातून निघालेला ०.७२ तिथे लागू होईल की नाही, हे तो कशामुळे आला त्यावर ठरते. अंतर चुकले असेल तर बरणीच्या वेळी तो आकडा वेगळाच असेल. शाखा-गुणोत्तर, म्हणजे शंभर विघटनांमागे तो गॅमा किती वेळा निघतो तो आकडा, विसरले असेल तर पोटॅशियमला ते पार वेगळे आहे. चकतीची ॲक्टिव्हिटीच (सेकंदाला किती विघटने होतात तो आकडा) चुकीची असेल तर चिऱ्यासाठी फॅक्टर लागतच नाही, कारण चिऱ्यात ती चकती नाही. कारण कळल्याशिवाय फॅक्टर लावणे म्हणजे ताप कशाचा हे न बघता पॅरासिटामॉल देणे.

तुझ्या पत्रातली एक ओळ माझ्या डोळ्यात भरली. सिम्युलेशनमध्ये 'दहा लाख गॅमा सोडले' असे तू लिहितेस, आणि मोजमापात 'पीकचे काउंट्स भागिले एकूण विघटने'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिझियम-१३७ च्या शंभर विघटनांमागे ६६२ केईव्हीचे गॅमा साधारण पंच्याऐंशीच निघतात, नेमके म्हणजे ८५.१. एका बाजूला गॅमाने भागलेस, दुसऱ्या बाजूला विघटनाने. इथेच १५ टक्के गेले.

राहिलेले कुठे गेले याचा माझा अंदाज पाच सेंटिमीटरवर आहे. ते तू कुठून कुठे मोजलेस? बहुतेक चकतीच्या पृष्ठभागापासून ॲल्युमिनियमच्या टोपीपर्यंत. पण स्फटिक टोपीला चिकटलेला नसतो. मध्ये टोपीची जाडी, परावर्तकाचा थर आणि दाब धरायला घातलेली गादी असते. शिवाय किरणोत्सर्गी कण चकतीच्या पृष्ठभागावर नसतो, प्लास्टिकच्या पोटात असतो. दोन्हीकडचे मिळून पाच मिलिमीटर सहज होतात. पाच मिलिमीटरने काय बिघडते ते बघ. स्फटिकाची त्रिज्या २.५४ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरवरून तो चकतीच्या एकूण आकाशाचा ०.०५४२ भाग व्यापतो. साडेपाचवरून ०.०४६१. भागाकार कर: ०.८५.

म्हणजे पुन्हा १५ टक्के. आणि ०.८५१ गुणिले ०.८५ म्हणजे ०.७२.

हे इतके नेमके जुळते आहे की मलाच त्याचा संशय येतो. तूही घे. पाच मिलिमीटर मी पदरचे घातले आहेत. तीन असतील, सात असतील. आकडा जुळला म्हणून कारण सापडले असे धरायचे नसते. २०११ च्या सप्टेंबरात ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले होते की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सास्सोकडे जाणारे न्यूट्रिनो नावाचे कण ७३० किलोमीटरच्या वाटेवर प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. पुढच्या वर्षी उलगडा झाला: एका फायबर केबलचा जोड नीट बसला नव्हता, आणि घड्याळाच्या ऑसिलेटरमध्येही गडबड होती. दोन चुका, आणि एकमेकींच्या उलट दिशेच्या. एक सापडताच थांबले असते तर उत्तर भलतीकडेच गेले असते. तुझ्या दोन चुका, असल्याच तर, एकाच दिशेच्या आहेत. तिसरी उलट दिशेची आत दडलेली नाही हे कोण सांगणार?

तेव्हा मोजून बघ. कृती सोपी आहे आणि एका दिवसात होते. चकती पाच, दहा, पंधरा आणि वीस सेंटिमीटरवर ठेव. प्रत्येक ठिकाणी पीकमध्ये दहा हजारांच्या वर काउंट्स होईपर्यंत थांब. मग तेच चार रन जिआंटमध्ये कर आणि मोजलेल्या व सिम्युलेशनच्या कार्यक्षमतेचे गुणोत्तर अंतराच्या समोर मांड. चूक निव्वळ भागाकारातली असेल, म्हणजे शाखा-गुणोत्तर किंवा चकतीची ॲक्टिव्हिटी, तर गुणोत्तर चारही ठिकाणी तेच येईल. चूक अंतरातली असेल तर जवळ जास्त आणि दूर कमी दिसेल. पाच मिलिमीटरची चूक पाच सेंटिमीटरवर १५ टक्के खाते, वीसवर जेमतेम ५. शाखा-गुणोत्तर दुरुस्त केल्यावर तुझे गुणोत्तर ०.८५ पासून ०.९५ कडे चढत गेले तर माझा अंदाज बरोबर. सपाट राहिले तर मी चुकलो, आणि चकतीकडे बघायला हवे.

हवे तर आणखी एक आलेख काढ: आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर काउंट-दराच्या वर्गमुळाचा व्यस्त. दहा सेंटिमीटरपलीकडे हे ठिपके जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवलीस की शून्याच्या अलीकडे कुठेतरी आडव्या अक्षाला छेदते. तो छेद सांगतो की डिटेक्टर 'वाटतो' त्यापेक्षा किती आत आहे. हा आकडा पाच मिलिमीटरपेक्षा बराच मोठा येईल, कारण गॅमा स्फटिकाच्या पोटात जाऊन थांबतात. घाबरू नकोस. सिम्युलेशनचाही तसाच आलेख काढून दोन्ही छेदांतला फरक घे. तोच तुझा चोर.

स्फटिक नेमका किती आत आहे हे मला एकदा फार छळत होते. कंपनीच्या कागदावर बाहेरची मापे होती, आतली नव्हती. शेवटी डिटेक्टर टॉवेलात गुंडाळून, बाजाराच्या पिशवीत घालून म्हापशाच्या एका एक्स-रे क्लिनिकमध्ये गेलो. शुक्रवार होता, बाहेर बाजाराची गर्दी. आतल्या पोराने विचारले, "पेशंट कुठे आहे?" मी पिशवी टेबलावर ठेवली. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. समजावून सांगितल्यावर मात्र त्याला इतका रस आला की त्याने दोन कोनांतून फोटो काढून दिले. मी शेजारी एक नाणे ठेवले होते, व्हर्नियरने व्यास मोजलेले, फिल्मवरचे माप कळावे म्हणून. फिल्मवर स्फटिकाची पांढरी कड स्पष्ट होती, आणि ती टोपीपासून मी धरली होती त्यापेक्षा जास्त आत होती. त्या दिवसापासून माझ्या कोडमधला एक आकडा बदलला आणि तीन वर्षांची कुरकुर थांबली. तू हे करणार असलीस तर हाय व्होल्टेज बंद ठेव आणि नंतर डिटेक्टरला रात्रभर विश्रांती दे, कारण जोराच्या एक्स-रेनंतर स्फटिक काही काळ मंद चमकत राहतो.

चकतीबद्दल. शिकवण्याच्या स्वस्त चकत्यांवर ॲक्टिव्हिटीची अनिश्चितता वीस टक्के लिहिलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तुझ्या चकतीच्या कागदावर काय आहे ते शोध. वीस असेल तर अठ्ठावीस टक्क्यांच्या फरकावर डोके आपटण्यात अर्धा अर्थ आधीच गेला. ऱ्हासाची दुरुस्ती केलीस म्हणतेस, पण कागदावरची तारीख खरेदीची की मोजणीची, तेही बघ. सिझियमचा अर्धायुकाल ३०.१ वर्षे, सतरा वर्षे जुनी चकती असेल तर तिच्यात मूळच्या ६८ टक्केच उरले आहे. कोबाल्ट-६० वापरलास तर आणखी सांभाळ. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, आणि त्याचे दोन गॅमा, ११७३ आणि १३३२ चे, जवळजवळ एकाच क्षणी निघतात. चकती जवळ असली की दोन्ही एकदम स्फटिकात शिरतात, डिटेक्टर त्यांना एकच धरतो आणि पीकमधून काउंट्स गळतात. सिम्युलेशनमध्ये एकेक गॅमा सोडलास तर हे तुला दिसणारच नाही.

कोडमध्ये एक जागा मात्र लगेच उघडून बघ. जिआंट-४ मध्ये नळकांडे लिहिताना अर्धी उंची द्यायची असते. पूर्ण ५.०८ सेंटिमीटर दिलीस तर स्फटिक दुप्पट लांब होतो आणि सिम्युलेशनची कार्यक्षमता फुगते. तुझा फरकही त्याच दिशेचा आहे! माझ्या हाताखालच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी ही चूक एकदा तरी केली आहे, मीही केली आहे. चित्र काढून बघ, दोनदा बघ. गॅमा सगळीकडे सोडलेस की वेळ वाचवायला डिटेक्टरच्या दिशेच्या शंकूतच सोडलेस? शंकूत सोडले असतील तर तेवढ्या भागाने गुणायला विसरू नकोस. मोजमापात लाइव्ह टाइम, म्हणजे डिटेक्टर मोजायला मोकळा होता तेवढाच वेळ, घेतलास ना? घड्याळाचा वेळ घेतला तर डेड टाइमचे टक्के तिथेच बुडाले.

पीक मोजायची पद्धतही दोन्हीकडे एकच हवी. जिआंट तुला स्फटिकात पडलेली नेमकी ऊर्जा देते. तिथे पीक म्हणजे एक उभी रेघ. खऱ्या डिटेक्टरमध्ये ती ६६२ वर सुमारे सात टक्के पसरते आणि तिच्या बुडाशी थोडे विखुरलेले गॅमाही येतात. म्हणून सिम्युलेशनच्या प्रत्येक घटनेला तेवढे गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे) पसरव, आणि मग दोन्ही वर्णपटांवर एकच फिट, त्याच मर्यादांसह चालव. १८४ केईव्हीच्या आसपासचा बॅकस्कॅटरचा, म्हणजे आजूबाजूला आपटून परत आलेल्या गॅमांचा, उंचवटा सिम्युलेशनमध्ये दिसणार नाही, कारण तिथे तू टेबल आणि भिंती घातलेल्या नाहीत. तो नाही म्हणून रडू नकोस. फोटोपीकशी त्याचा संबंध नाही.

रँडम सीडची, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्या आकड्यापासून सुरू होते त्याची, एक गोष्ट सांगतो, माझ्या फजितीची. मोठा रन आठ तुकड्यांत करायचा होता. सीड घड्याळाच्या सेकंदावरून घेतले आणि आठही जॉब एका स्क्रिप्टने एकदम सोडले. साहजिकच सगळ्यांना एकच सेकंद मिळाला, एकच सीड, आणि आठही जॉबनी तंतोतंत त्याच घटना तयार केल्या. बेरीज करून मी त्रुटी-रेषा काढल्या तर त्या इतक्या लहान की मी खूश. एकच नारळ आठदा मोजून माडाला आठ नारळ लागले म्हणण्यासारखे. चौथ्या दिवशी एका मित्राने दोन हिस्टोग्राम एकमेकांवर ठेवले आणि विचारले, "हे दोन वेगळे आहेत का?" तेव्हापासून मी सीड फाइलच्या नावात लिहून ठेवतो. मॉन्टे कार्लोची, म्हणजे यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या अशा सिम्युलेशनची, कल्पना १९४६ मध्ये गणितज्ञ उलामना आजारपणात एकट्याने पत्ते खेळताना सुचली म्हणतात. पत्ते पिसलेच नाहीत तर काय होते, ते मला लॅबमध्ये कळले.

गोव्यात हा डिटेक्टर चालवणाऱ्याने आणखी एका शत्रूची नोंद ठेवावी: दमट हवा. सोडियम आयोडाइड पाणी ओढतो. टोपी सीलबंद असते, पण सील म्हातारे होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीही घाम गाळतात. ओल शिरली की स्फटिक पिवळसर पडतो, प्रकाश कमी पोचतो आणि पीक रुंद होत जातो. हे एका दिवसात कळत नाही. म्हणून दर सोमवारी त्याच चकतीने, त्याच अंतरावर पाच मिनिटे मोजून पीकची जागा आणि रुंदी वहीत लिहायची. सात टक्क्यांचे साडेसात झाले, चवथीपर्यंत आठ झाले, तर सील गेले समज. फोटोमल्टिप्लायरच्या (स्फटिकाचा प्रकाश विजेच्या संकेतात बदलून वाढवणाऱ्या ट्यूबच्या) बेसवर ओल बसली तर खालच्या चॅनेलमध्ये नुसता गोंगाट सुरू होतो. मी सिलिका जेलचे डबे ठेवतो आणि निळे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून परत वापरतो.

आणि लाईट. वीज जाऊन आल्यावर हाय व्होल्टेज लगेच चालू करून मोजायला बसू नकोस. ट्यूबचा गेन (संकेत किती पट वाढतो तो आकडा) स्थिरावायला तास-दोन तास जातात. रात्री एसी बंद झाला की खोलीचे तापमान चढते, स्फटिकाचा प्रकाश आणि ट्यूबचा गेन दोन्ही हलतात आणि पीक सरकतो. रात्रभराची मोजणी एकच लांब रन म्हणून न घेता तासातासाचे तुकडे करून साठव. प्रत्येक तुकड्यात बॅकग्राउंडमधलाच १४६१ चा पोटॅशियम पीक कुठे आहे ते बघ आणि त्यावरून चॅनेल सरकवून मग बेरीज कर. तो पीक भिंतीतून, जमिनीतून, तुझ्या अंगातूनही येतो. फुकटचा खुणेचा दगड आहे, वापर.

आता चिरा, म्हणजे तुझे खरे काम. इथे मी सिझियमच्या चकतीला निरोप देईन. बरणीसाठी ठिपक्याचा सोर्स फारसा कामाचा नाही. बरणीसाठी बरणीच हवी. आणि पोटॅशियमचे मानक बाजारात पोत्याने मिळते. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममागे सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात, जगात कुठेही घे. प्रयोगशाळेतल्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५२.४ टक्के पोटॅशियम असते, म्हणजे ग्रॅमला सुमारे १६ बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल). ते नसेल तर कुळागराला (माडा-पोफळीच्या बागेला) घालतात ते पोटॅश खत. पोत्यावर ६० टक्के के-टू-ओ (पोटॅशियम ऑक्साइड) लिहिलेले असते, म्हणजे किलोमागे जवळपास ४९८ ग्रॅम पोटॅशियम आणि सुमारे १५,४०० बेकरेल. त्यातल्या शंभर विघटनांमागे १४६१ चे गॅमा साडेदहाच्या वर थोडे, १०.६६. तेव्हा पाव किलोच्या बरणीतून सेकंदाला साधारण ४१० गॅमा निघतात. परवाना नको, चकती नको. क्लोराइड मिळत असेल तर तेच घे, शुद्धता ठरलेली असते. खत ओल धरते, वजन करण्याआधी वाळव.

एकसारख्या दोन बरण्या घे, दोन्हींत सारख्याच उंचीपर्यंत, एकीत क्लोराइड आणि दुसरीत चिऱ्याची भुकटी. सिम्युलेशनचा खरा उपयोग इथे येतो. दोन्हींची घनता आणि घटक वेगळे. चिऱ्यात लोखंड भरपूर, त्यामुळे गॅमा बरणीतच थोडे जास्त अडतात. जिआंटमध्ये दोन्ही बरण्या लिहून कार्यक्षमतांचे गुणोत्तर काढ आणि क्लोराइडच्या मोजलेल्या कार्यक्षमतेला त्याने गुण. स्फटिकाची कड दोन मिलिमीटर चुकलेली असली तरी ती चूक अंशात आणि छेदात दोन्हीकडे येते आणि बरीचशी कटून जाते. सिम्युलेशनच्या निरपेक्ष आकड्यावर मी जितका विश्वास ठेवतो त्याच्या कितीतरी पट त्याच्या गुणोत्तरावर ठेवतो.

आणि इथे तुझ्या मार्गदर्शकांची बाजूही घेतली पाहिजे. करेक्शन फॅक्टर हे पाप नव्हे. सर्नच्या मोठ्या प्रयोगांतही सिम्युलेशन आणि डेटा यांच्या कार्यक्षमता जुळत नाहीत आणि तिथेही फॅक्टर लावतात. पण ते मोजून काढलेले असतात. झेड नावाच्या कणाचे विघटन होऊन दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) निघतात. त्यातला एक पक्का ओळखायचा आणि दुसरा डिटेक्टरला सापडला की नाही ते बघायचे. असे लाखो वेळा करून, प्रत्येक संवेगासाठी आणि कोनासाठी वेगळा फॅक्टर, त्याच्या अनिश्चिततेसह काढतात. क्लोराइडच्या बरणीतून तू जे काढशील तो तुझा असाच फॅक्टर. तो मार्गदर्शकांना दाखव. मला वाटते, ते नाही म्हणणार नाहीत.

चिऱ्यात पोटॅशियम फार मिळेल अशी आशा धरू नकोस. लाखो वर्षांच्या पावसाने ते धुऊन नेलेले असते आणि मागे लोखंड, ॲल्युमिनियम उरतात. थोरियम मात्र सहसा हटत नाही. म्हणून पोटॅशियमचा पीक बॅकग्राउंडमधून डोके वर काढेल की नाही, ते आधीच तपास. लॉइड क्युरी यांचे १९६८ चे सूत्र वापर: बॅकग्राउंडमध्ये बी काउंट्स असतील तर शोधमर्यादा २.७१ अधिक ४.६५ गुणिले बीचे वर्गमूळ. बॅकग्राउंड ४०० असेल तर ९६ च्या आतले काही असले तरी ते सापडेलच याची खात्री नसते. सापडले नाही तर 'इतक्यापेक्षा कमी' असे लिहायचे. प्रबंधात ते लिहायला लाज वाटायचे कारण नाही, उलट शून्य लिहिणाऱ्याला वाटावी. बॅकग्राउंड घेताना डिटेक्टरजवळ पाण्याने भरलेली तशीच बरणी ठेव. नुसता रिकामा घेतलास तर भुकटीची बरणी बाहेरचे जे गॅमा अडवते ते हिशेबातून सुटतात. तुमची लॅबच चिऱ्याची असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची.

युरेनियम आणि थोरियमसाठी सोडियम आयोडाइडला सगळ्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत. बिस्मथ-२१४ ची ६०९ आणि थॅलियम-२०८ ची ५८३ यांत २६ केईव्हीचे अंतर, आणि तुझ्या पीकची रुंदी तिथे चाळीसच्या वर. दोन्ही एकाच उंचवट्यात जातात. म्हणून वरच्या रेषा घे: युरेनियमसाठी बिस्मथची १७६४, थोरियमसाठी थॅलियमची २६१४. थोरियमच्या शंभर विघटनांतली सुमारे ३६ च थॅलियमच्या वाटेने जातात, तो गुणक विसरलीस तर पुन्हा सिझियमचीच चूक होईल. २६१४ वाल्यांचे कॉम्प्टन खाली १७६४ आणि १४६१ मध्ये सांडते, तेव्हा वरून खाली वजा करत यायचे. जमल्यास तीनही घटकांचे पूर्ण वर्णपट एकदम फिट कर. घटकांचे आकार आधी माहीत नसतील तर डेटातूनच ते काढायचे गणितही आहे, आणि त्याच्या मुळाशी जे काम आहे त्यात गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींचा १९४३ चा निबंध येतो. तुला त्याची गरज नाही, पण कधीतरी वाच.

युरेनियमच्या विघटन-साखळीत बिस्मथ-२१४ रेडॉननंतर येतो. रेडॉन हा वायू, अर्धायुकाल ३.८२ दिवस. चिरा दळलास की तो उडून जातो आणि साखळी मध्येच तुटते. बरणी काठोकाठ भर, झाकणाला एपॉक्सी लाव, वर टेप गुंडाळ आणि चार आठवडे विसरून जा. सात अर्धायुकालांत रेडॉन पुन्हा जवळजवळ पूर्ण भरतो. पातळ प्लास्टिकच्या डब्यातून तो झिरपतो, म्हणून जाड भिंतीची बरणी घे. बरणी याच आठवड्यात सील केलीस तर ती मोजायची वेळ होईपर्यंत चार अंतरांची मोजणी, अर्ध्या उंचीची तपासणी आणि क्लोराइडचा रन हे सगळे उरकेल. चार गुणोत्तरे आली की मला कळव, आणि सोबत कोडमधली स्फटिकाची ती एक ओळही पाठव.